श्रीखंडाच्या डब्याचं बूड

बाईंनी पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. तो सरळ उभा राहीना. बुडाची एक बाजू मऊ होऊन ओघळली होती आणि तशीच पुन्हा कडक झाली होती. मध्ये भोक. भोकाच्या कडेला तर्रीचं लाल तेल वाळलेलं.

“हा तुमच्याच कंपनीतला डबा आहे ना जी?”

मी उलटा करून पाहिला. मोल्डचा नंबर आमचा होता. “आमचाच आहे.”

“मग ही निशाणी पाहा.” त्यांनी बुडावर बोट ठेवलं. मायक्रोवेव्हमध्ये चालतो असं सांगणारी लहरींची खूण तिथे स्पष्ट उमटलेली होती. “ही पाहूनच मी यात भाजी दिली. आता ऑफिसवाले म्हणतात, तुम्ही कोणत्याही डब्यात देता. मले एक कागद लिहून द्या मॅडम, का डब्यावर निशाणी होती, बाईची चूक नाई. शुक्रवारपर्यंत नाई दिला तं माझे डबे बंद.”

मागणं एवढंच होतं. एक कागद. तो लिहायचा अधिकार माझा होता, आणि तो मी लिहिला नाही. आज रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून सांगून टाकते.

मी हडपसरच्या एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. आम्ही खाद्यपदार्थांचे डबे बनवायचो. क्वालिटीचं काम म्हणजे माल अडवणं. त्यामुळे मॅडम शॉपफ्लोअरवर आल्या की लोकांची तोंडं वाकडी व्हायची. मला त्याचा अभिमान होता. सव्वीस वर्षांत माझ्या सहीने चुकीचा डबा बाहेर गेला नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे. फार म्हणायचे.

या बाई म्हणजे वानखडेताई. मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा एका कंपनीत कामाला, म्हणून पुण्यात आल्या आणि मांजरीला नवीन झालेल्या सोसायटीत राहत होत्या. तिथून त्या एका आयटी ऑफिसला रोज दुपारचे बावीस डबे द्यायच्या. वऱ्हाडी जेवण. पाटवडी रस्सा, झुणका, गोळाभात. आधी स्टीलचे डबे होते. पण स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि त्या मुलांना जेवण उकळतं लागतं. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचे डबे जमवायला घेतले.

“जमवायला म्हणजे? विकत?”

“नाई जी. दसरा झाल्यावर सोसायटीतल्या बायांनी श्रीखंडाचे रिकामे डबे आणून दिले. घासून-पुसून. म्हटलं, एवढे चांगले डबे फेकायचे कायले?” मग त्या जरा पुढे सरकल्या. “पण मी उलटा करून एक एक डबा पाह्यला मॅडम. ज्याच्यावर निशाणी, त्यात रस्सा. ज्याच्यावर नाई, त्यात कोशिंबीर. माझ्या पोरीनं मोबाइलवर दाखवलं होतं निशाणी कशी असते ते.”

मी सव्वीस वर्षं डबे बनवले. डब्याचं बूड इतक्या काळजीने बघणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

झालं असं होतं की, ऋचा नावाच्या एका मुलीने ऑफिसच्या पॅन्ट्रीत रश्शाचा डबा तीन मिनिटं गरम केला. कडेने धरून बाहेर काढला आणि बूड खाली बसलं. उकळता रस्सा मनगटावर आणि हातावर. मुलीचा उजवा हात भाजला. टाइप करायचा हात. ऑफिसच्या अॅडमिनने त्याच दिवशी वानखडेताईंना सांगितलं की, डबा बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आणा, नाहीतर आम्ही दुसरा व्हेंडर बघतो. त्या श्रीखंडाच्या दुकानात गेल्या, तिथे चारदा विचारून आमचं नाव काढलं आणि आल्या. गेटवर त्यांना अर्धा तास उभं केलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी डब्यावर नखाने टिचकी मारली. टक्क असा आवाज आला. आमच्या नेहमीच्या डब्याचा आवाज असा नसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लॅस्टिकच्या डब्याच्या बुडाला एक त्रिकोण असतो, त्यात आकडा. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, आम्ही त्याला पीपी म्हणतो. हे जरा दुधट दिसतं, दाबलं तर वाकतं, आवाज मऊ येतो. अन्न गरम करण्यासाठीचे बरेचसे डबे याचे असतात. सहा म्हणजे पॉलिस्टायरिन. काचेसारखं स्वच्छ दिसतं, वाजवलं तर टणटणीत, आणि उकळत्या पाण्याच्या आसपासच मऊ पडतं. त्यात तेलकट पदार्थ असेल तर विचारूच नका. पाणी शंभर डिग्रीला उकळून वाफ होतं, तेल त्याच्याही वर तापत जातं. तर्री म्हणजे वर तेलाचाच थर.

या डब्यावर आकडा पाच होता. मटेरियल मात्र सहा वाटत होतं.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी कटरने डब्याच्या कडेचा एक तुकडा कापला, पाण्यात टाकला आणि बोटाने बुडवून सोडला. पीपी असतं तर तुकडा वर आला असता. पीपी पाण्यावर तरंगतं. हा तुकडा सरळ तळाला जाऊन बसला.

वानखडेताई ग्लासाकडे बघत होत्या. “म्हणजे काय झालं जी?”

“अजून लॅबमध्ये तपासावं लागेल,” मी म्हटलं. “दोन दिवसांत कळवते.”

लॅबमध्ये तपासायचं काहीही उरलं नव्हतं. मला सगळं कळलेलं होतं. कधी, कसं आणि कोणाच्या सहीने, तेही.

दसऱ्याच्या आधी एका मिठाईवाल्यांची श्रीखंडाच्या डब्यांची ऑर्डर आली. त्यांना डबा काचेसारखा पाहिजे होता, आतलं केशर दिसलं पाहिजे म्हणून. आमचा नेहमीचा डबा दुधट पीपीचा. पारदर्शक पीपी येतं, पण ते मागवायला वेळ लागणार होता आणि दसरा काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. तेव्हा ठरलं की, मोल्ड तोच ठेवायचा आणि मटेरियल पॉलिस्टायरिन घालायचं. श्रीखंड थंड असतं. त्याला पॉलिस्टायरिन चालतं. इथवर चूक काहीच नव्हती.

चूक बुडात होती. मोल्ड म्हणजे लोखंडी साचा. त्याच्या बुडाकडच्या भागात एक छोटी चकती बसवलेली असते, तिला इन्सर्ट म्हणतात. त्रिकोण, आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण त्या चकतीवर कोरलेली. मटेरियल बदललं की इन्सर्ट बदलायचा, हा नियम. तो नियम माझ्याच हाताने लिहिलेला होता.

टूलरूमचे साळुंके माझ्याकडे आले. “मॅडम, इन्सर्ट मागून बसवलाय. मोल्ड उतरवायचा, खोलायचा, परत चढवायचा. अख्खी शिफ्ट जाईल. आणि कोरा इन्सर्ट तयार नाही. तो बनवायला आणखी दोन दिवस.”

“मग?”

“मग काय, तुम्ही सांगाल तसं. डेव्हिएशन देता का?”

डेव्हिएशन म्हणजे, नियमात बसत नाही, पण या लॉटपुरतं चालवून घ्या, अशी लेखी परवानगी. फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: पदार्थ थंड, डबा एकदाच वापरायचा, सबब खुणेचा संबंध येत नाही. खाली सही केली. दोन मिनिटांचं काम. साळुंके फॉर्म घेऊन गेलेसुद्धा.

डबा एकदाच वापरायचा! अहो, हे लिहिलं कोणी? मी! जिच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या डब्यात साबुदाणा आहे, दुसऱ्यात रवा आहे, तिसऱ्यात सुटी बटणं आहेत. आमच्या घरी पाहुण्याने फ्रीज उघडला तर तीन डब्यांवर श्रीखंड लिहिलेलं दिसतं आणि एकातही श्रीखंड नसतं. मराठी घरात श्रीखंड दोन दिवसांत संपतं आणि डबा सून आली तरी टिकतो. हे मला माहीत नव्हतं? शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण फॉर्म भरताना मी पुण्यात राहणारी बाई नव्हते, क्वालिटी मॅनेजर होते. कागदावर जे बरं दिसतं ते मी लिहिलं.

वानखडेताई गेल्यावर मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. आमचे मालक आबा. घरची शेती शहरात आली, तिथे शेड बांधून त्यांनी कारखाना काढला. शिकलेले कमी, पण धंद्याला पक्के. वाकडा डबा मी त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

आबांनी डबा हातात घेऊन फिरवला. “आवो मॅडम, ह्यो श्रीखंडाचा डबा हाय. त्यात रस्सा वतायला आपण सांगितलं व्हतं का?”

“नाही. पण खूण आपण छापली. मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, असं आपणच सांगितलंय.”

“पोरगी कशी हाय?”

“हात भाजलाय. बरा होईल म्हणतात.”

“मग झालं की. दवाखान्याचं काय लागंल ते बघू आपण. पर लिहून द्यायचं म्हंजे...” मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, “डेव्हिएशनवर सही कुनाची हाय?”

“माझी.”

“मंग बघा तुमीच. मी काय बोलू?”

आबांनी दबाव आणला, असं सांगितलं तर लोकांना पटतं. मीही काही वर्षं घरी तसंच सांगितलं. पण ते खरं नाही. त्यांनी चेंडू माझ्याकडे टाकला होता. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी कुरकुरत का होईना, पत्र जाऊ दिलं असतं. पण तसं पत्र लिहायचं तर कोणीतरी विचारणार की, चुकीची खूण पास कोणी केली? आणि माझ्या सव्वीस वर्षांचं काय? रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलं होतं. मी घाबरले. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

गुरुवारी मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, लेटरहेडवर. सदर डबा थंड दुग्धजन्य पदार्थासाठी पुरवलेला होता. तो एकदाच वापरण्यासाठी होता. पुनर्वापर केल्यास त्याची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील. एकही वाक्य खोटं नव्हतं. खुणेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. अशी पत्रं लिहिण्यात माझा हात चांगला होता.

शुक्रवारी सकाळी वानखडेताई पत्र न्यायला आल्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी मलाच विचारलं, “यात लिहिलं ना जी, निशाणीचं?”

“डबा कशासाठी होता ते सगळं लिहिलंय,” मी म्हटलं.

त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरले. “अहो, असं काय करता!” असं काहीतरी बोलले. त्या निघून गेल्या आणि मी खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी माझा डबा मी उघडला नाही.

पुढचं सांगायला नको. ऑफिसच्या अॅडमिनने पत्र वाचलं. कंपनी स्वतः लिहितेय की डबा एकदाच वापरायचा, आणि या बाई वापरलेल्या डब्यात जेवण देतायत. बावीस डबे सोमवारपासून बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. वानखडेताईंनी मला एकच फोन केला. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. “मॅडम, त्याच्यात तं माझीच चूक लिहून हाय म्हणतात. तुम्ही मले का सांगितलं नाई?” मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते. मीटिंग नव्हती.

मग मी नको तितकी कामाला लागले. नवा इन्सर्ट करून घेतला. खुणेबाबत डेव्हिएशन कोणीही द्यायचं नाही, मॅनेजरनेसुद्धा नाही, असा नियम लिहिला. मिठाईवाल्यांना सांगून शिल्लक डबे परत आणवले. शिल्लक होतेच किती? बाकीचे कधीच घरोघरी गेले होते. पुण्यात कोणाच्या तरी फडताळात ते आजही असतील. तुमच्याकडे पारदर्शक, टणक, वाजवला तर टणटण करणारा श्रीखंडाचा डबा असेल तर त्यात साबुदाणा ठेवा. गरम काही घालू नका, खूण असली तरी. साळुंके एकदा म्हणाले, “मॅडम, बैल गेला आणि झोपा केला.” माणूस स्पष्ट बोलणारा होता. मला राग आला नाही.

रिटायर झाल्यावर सहा-सात महिन्यांनी मी मराठीत एक पत्र लिहिलं. साध्या कागदावर, माझ्या नावाने. डबा पॉलिस्टायरिनचा होता, खूण पीपीची होती, परवानगी माझी होती, वानखडेताईंनी खूण पाहूनच डबा वापरला, त्यांची चूक नाही. ते घेऊन मांजरीला गेले. सोसायटी शोधायला वेळ लागला नाही, डबेवाल्या ताई म्हणून लोक त्यांना अजून ओळखत होते. डबे मात्र बंद होते. त्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जात होत्या.

त्यांनी चहा केला. नको म्हटलं तरी केला. पत्र दोनदा वाचलं, सावकाश.

“त्या दिवशी पाण्यात तुकडा टाकला तुम्ही,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच तुमाले समजलं होतं ना?”

“हो.”

“मग तेव्हाच तोंडी सांगायचं होतं मॅडम. कागद नसता दिला तरी चाललं असतं. ऑफिस काय, एक गेलं तं दुसरं भेटलं असतं. पण मी पुन्हा डबे चालू नाई केले. म्हटलं, आपल्याले समजत नाई, आपल्या हातानं कोनाचं पोर पुन्हा भाजाले नको.” मग म्हणाल्या, “त्या ऋचाच्या घरी जाऊन मी माफी मागून आली. तिच्या आईनं दारातूनच वापस पाठवलं.”

मी सॉरी म्हटलं. तो शब्द त्या खोलीत फारच फालतू वाटला. त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “हे मले कायले? मले माहीत झालं आता. तिले सांगा.”

ऋचाचा नंबर त्यांच्याकडे होता. मी घरी येऊन फोन केला, सगळं सांगितलं. मुलगी चांगली होती. “इट्स ओके मॅडम, हात आता एकदम फाइन आहे,” म्हणाली. मग म्हणाली, “पण काकूंना आम्ही ग्रुपवर काय काय बोललो होतो. आईने पण... आता काय करू मी?”

“त्यांना फोन कर,” मी म्हटलं.

“हो, करते.”

केला की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही. पत्राची एक प्रत मी मांजरीला पोस्टाने पाठवली, त्या नको म्हणाल्या होत्या तरी. डबे त्यांनी अजून सुरू केलेले नाहीत.

आता धडा. नातेवाईक मला अजून विचारतात, अमुक डबा मायक्रोवेव्हमध्ये चालतो का? मी सांगते, पाचचा आकडा आणि खूण दोन्ही असतील तर जेवण कोमट करायला चालतो, शिजवायला नाही. झाकण घट्ट लावायचं नाही. तेलकट, तूपकट, पाकातलं काही त्यात गरम करायचं नाही. डबा जुना झाला, चरे पडले, पिवळा पडला की त्याला मायक्रोवेव्हमधून रिटायर करायचं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर हेही सांगते की, ती खूण कोणीतरी माणसाने पास केलेली असते, आणि त्या दिवशी त्या माणसाला घाई असू शकते. त्यापेक्षा काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात काढून गरम करा. एक भांडं जास्त घासावं लागेल. घासा.